सातपूरच्या गाळ्यातलं रेझिन प्रिंटिंग: पेशींसाठी मांडव छापून घेतले त्याचा अनुभव

थ्रीडी प्रिंटिंगच्या या एका दुकानाकडून गेले आठ महिने काम करून घेतेय, पाच बॅचेस झाल्या, त्यातल्या तीन वाया गेल्या आणि दोन इतक्या छान निघाल्या की आता आमच्या डिपार्टमेंटमधल्या मुली विचारायला लागल्यात कुठे केलंस, कितीला पडलं, आम्हालाही पाठव. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. दुकानाचं नाव टाकत नाहीये, कारण पहिल्या बॅचला जे झालं त्यात चूक अर्धी त्यांची अर्धी माझी होती, आणि ते त्यांच्या नावाला कायमचं चिकटून राहावं असं मला वाटत नाही. सातपूर एमआयडीसीत आहे एवढं पुरे.

आधी काम काय होतं ते सांगते. मी बायोटेकमध्ये पीएचडी करतेय, मला पेशी वाढवायला छोट्या जाळीदार चकत्या हव्या होत्या, १० मिलीमीटर रुंद, ३ मिलीमीटर उंच, आत आरपार आणि एकमेकांना जोडलेली भोकं. याला सगळे स्कॅफोल्ड म्हणतात, कुणी परांची म्हणतं, पण आमची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि मला पहिल्या दिवसापासून हा मांडवच वाटत आलाय. वेल जमिनीवर सोडली तर ती नुसती पसरते, तारेवर चढवली की ओलांडा (आडवी फांदी) धरतो, काड्या फुटतात, घड लटकतात. पेशींचंही तसंच आहे, प्लास्टिकच्या प्लेटच्या तळाला त्या एका थरात चपट्या पसरतात, आणि शरीरात बहुतेक पेशी अशा राहत नाहीत, तिथे त्यांना चहूबाजूंनी आधार असतो आणि जवळ रक्तवाहिनी असते. जवळ म्हणजे किती, तर साधारण १०० ते २०० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग), त्याहून लांब असलेल्या पेशीला पुरेसा ऑक्सिजन पोचत नाही. म्हणून मांडवाला भोकं हवीत आणि ती बंद पडलेली चालत नाहीत. हाडाच्या पेशींसाठी ३०० मायक्रॉनच्या वरची भोकं बरी असं साधारण मानतात, मी ५०० धरून डिझाइन केलं, आकार जायरॉईड घेतला, म्हणजे तो सलग वळत जाणारा पृष्ठभाग जो ॲलन शोएन यांनी १९७० मध्ये नासात असताना मांडला. त्यात कोपरा कुठेच नाही, त्यामुळे मीडिया, म्हणजे पेशींना वाढवणारा पोषक द्रव, कुठे अडकून बसत नाही.

आता हे छापायचं कशावर? प्लास्टिकची तार वितळवून थर लावणारी मशीन आमच्या कॉलेजात पण आहे, पण तिचं नोझलच ०.४ मिलीमीटरचं, त्यातून ५०० मायक्रॉनचं भोक नीट काढणं कठीण. प्रकाशावर चालणारी मशीन मात्र हे करते. खाली पारदर्शक तळाच्या ट्रेमध्ये रेझिन नावाचा पातळ द्रव, त्याच्या खाली मोबाइलसारखी स्क्रीन, तिच्या मागून ४०५ नॅनोमीटरचा जांभळट उजेड, स्क्रीनवर जिथे पांढरं तिथून उजेड वर जातो आणि तेवढंच रेझिन घट्ट होतं, प्लेट ५० मायक्रॉन वर उचलली की पुढचा थर. उजेडाने थर घट्ट करत वस्तू बनवायची ही कल्पना जपानमध्ये हिदेओ कोदामा यांनी १९८१ मध्ये छापून आणली होती, चक हल यांनी १९८४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९८६ मध्ये ते मिळालं, तेव्हा लेझर असायचा, आता स्क्रीन आल्यामुळे हे सातपूरच्या गाळ्यात पण परवडतं. दातात सिमेंट भरल्यावर डॉक्टर निळा दिवा धरतात ना, नाहीतर पार्लरमध्ये जेल नेलपॉलिश लावून हात दिव्याखाली ठेवतात, घट्ट होण्यामागचं तत्त्व तेच.

गाळ्याबद्दल. पपया नर्सरीकडून आत शिरलं की थोडं पुढे, खाली एक टर्निंगचं वर्कशॉप आहे आणि वरच्या मजल्यावर हे. काका आधी फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवायचे, त्यामुळे हाताला माप पक्कं आहे, व्हर्नियर कायम खिशात. मुख्य गिऱ्हाईक सराफ बाजारातले, दागिन्यांचे डिझाइन मेणासारख्या रेझिनमध्ये छापून देतात आणि पुढे त्याचं कास्टिंग होतं, शिवाय डेंटिस्ट लोकांची दातांची मॉडेल्स. खिडक्यांना पिवळा जिलेटिन पेपर लावलाय, बाहेरच्या उन्हाने रेझिन घट्ट होऊ नये म्हणून. तीन मशीन आहेत, मी वापरली तिचा पिक्सेल ३५ मायक्रॉनचा. पेशींचं काम मात्र त्यांनी आधी कधीच केलेलं नव्हतं आणि ते त्यांनी पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितलं, मला ते आवडलं.

पहिली बॅच. मी फाइल दिली, त्यांनी डेंटलचं क्लिअर रेझिन सुचवलं, बाटलीवर बायोकॉम्पॅटिबल लिहिलेलं, सर्जिकल गाइड (दाताच्या शस्त्रक्रियेत तोंडात बसवायचा साचा) बनवायला वापरतात ते. वीस चकत्या दुसऱ्या दिवशी तयार. दिसायला इतक्या सुंदर की मी स्कूटीवर परत येताना सिग्नलला डबी उघडून बघत होते. मायक्रोस्कोपखाली ५०० चं भोक साधारण ४२० भरलं, म्हणजे उजेड थोडा बाजूला पसरला, पण आरपार होतं. ७० टक्के इथेनॉलमध्ये ठेवल्या, धुतल्या, वर एल९२९ पेशी सोडल्या, या उंदराच्या फायब्रोब्लास्ट (जोडऊतीच्या) पेशी, पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेतून आणलेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्यूबेटर उघडला. जिवंत एल९२९ प्लेटला चिकटून लांबट होतात, चातीसारखी टोकं काढतात. मला दिसल्या त्या सगळ्या गोल, चमकदार, मीडियात तरंगणाऱ्या, प्लेट हलवली की धूळ उडावी तशा उडत होत्या. चकतीवर नाही, प्लेटच्या तळाला नाही, कुठेच एक चिकटलेली नाही. एमटीटी टेस्ट लावली, जिवंत पेशी तो पिवळा रंग जांभळा करतात, प्लेटमधले माझे खळगे पिवळेच राहिले. शेजारच्या कंट्रोलमध्ये, म्हणजे चकती न ठेवलेल्या पेशींत, छान गर्द जांभळा. मी त्या दिवशी डबा पण उघडला नाही.

मॅडमनी विचारलं, धुतलं कुणी? तेव्हा काकांना फोन केला आणि कळलं की प्रिंट झाल्यावर ज्या बरणीतल्या आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोल) बुडवतात तीच बरणी सगळ्या कामांना, दागिन्यांचं हिरवं रेझिन, मॉडेलचं पिवळट रेझिन, सगळं त्यातच. दागिना कास्टिंगला जाणार असेल तर त्याने काहीच बिघडत नाही. पण माझ्या जायरॉईडच्या पोटात न घट्ट झालेलं रेझिन आणि त्या बरणीतला सगळा गाळ अडकून राहिला होता, आणि वरून दिव्याखाली ठेवून त्यांनी तो तिथेच पक्का केला. ही त्यांची बाजू. माझी चूक अशी की मी धुण्याबद्दल एक शब्द विचारला नाही, बाटलीवरचा शब्द वाचून गप्प बसले.

हे नीट समजून घ्या, कारण यात पैसे आणि महिने जातात. बाटलीवरचा तो शब्द बाटलीतल्या द्रवासाठी नसतो, तो कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने धुऊन, वाळवून, दिव्याखाली पूर्ण क्युअर, म्हणजे पक्क्या, केलेल्या वस्तूसाठी असतो, आणि तोही ठरावीक वापरासाठी. सर्जिकल गाइड तोंडात थोडा वेळ असतं आणि काढून टाकतात. माझ्या पेशी त्यावर दिवसचे दिवस बसणार, इवल्याशा मीडियात, आणि चकतीतून जे काही झिरपेल ते त्याच पिणार. घट्ट न झालेला मोनोमर (रेझिनचे सुटे रेणू) आणि उरलेला फोटोइनिशिएटर (उजेड पडला की घट्ट होणं सुरू करणारं रसायन) हे दोघं खरे मारक. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडच्या विद्यापीठात झेब्राफिशच्या अंड्यांवर हे तपासलं होतं, रेझिनच्या प्रिंटजवळ वाढवलेले भ्रूण आठवड्याभरात मेले, आणि तेच प्रिंट यूव्हीखाली ठेवल्यावर विषारीपणा कमी झाला. या रेझिनमध्ये बऱ्याचदा टीपीओ नावाचा इनिशिएटर असतो, जेल नेलपॉलिशमध्ये पण असायचा, युरोपात सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आलीये. मी हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला की आमच्या पोरांनी हातमोजे न घालता धुतलं तर काय. त्या दिवसापासून गाळ्यात नायट्राइल ग्लोव्ह्जचा डबा दाराशीच असतो.

दुसरी बॅच त्यांनी स्वतःहून फुकट छापून दिली, मी मागितली नव्हती. यावेळी मी तिथे थांबले. नवीन आयपीए, दोन वेगळ्या काचेच्या बरण्या, आधी पहिलीत मग दुसरीत, मध्ये सिरिंजने प्रत्येक चकतीच्या भोकांतून आयपीए जोराने मारलं, पहिल्यांदा जे बाहेर आलं ते मधासारखं होतं, चौथ्यांदा पाण्यासारखं. मग पूर्ण वाळू दिलं (ओलं असताना दिव्याखाली ठेवू नका, पृष्ठभाग चिकट राहतो), मग क्युअर. घरी आणून पुढे पाच दिवस ३७ डिग्रीला पीबीएसमध्ये (शरीरातल्या द्रवासारखं खारं पाणी), रोज पाणी बदलून. मग टेस्ट. आयएसओ १०९९३ च्या पाचव्या भागात पेशींची टेस्ट आहे, त्यात जिवंतपणा ७० टक्क्यांच्या खाली गेला तर पदार्थ पेशींना घातक धरतात. आम्ही ती रेषा आरामात ओलांडली. तीच फाइल, तेच रेझिन, तीच मशीन, फरक फक्त धुण्याचा.

पण मला खरं हवं होतं ते जेल. कडक रेझिन हाडासाठी एकवेळ ठीक, मऊ पेशींना मऊ घर लागतं. त्यासाठी जेलएमए, म्हणजे जिलेटिनला मेथाक्रिलिक ॲनहायड्राइड जोडून बनवलेलं, ५० डिग्रीला रिॲक्शन, मग बरेच दिवस डायलिसिस, मग फ्रीझ ड्राय, पांढरं थर्मोकोलसारखं दिसतं. पेशी त्याला आपणहून धरतात कारण मूळचं जिलेटिन कोलॅजेनपासूनच येतं. हे मी लॅबमध्ये केलं आणि १० टक्क्यांचं शाईसारखं द्रावण घेऊन गेले, इनिशिएटर एलएपी, तो पाण्यात विरघळतो आणि ४०५ च्या उजेडात काम करतो. पूर्वी जो इर्गाक्युअर २९५९ सर्रास वापरायचे तो या उजेडात जवळजवळ झोपलेलाच असतो, त्यामुळे जुने पेपर वाचून तो मागवू नका.

इथे एक गोष्ट. काका माळकरी आहेत. जिलेटिन कशाचं, असं त्यांनी विचारलं, आणि मी खरं सांगितलं की डुकराच्या कातड्याचं आहे. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, ट्रे तुमचा आणा, प्लेट तुमची आणा, हात तुमचे लावा. मशीन मी लावून देतो. माणसाच्या कामाचं आहे ना, मग झालं." मला हे मनापासून लिहायचं होतं. कोणी नाही म्हणालं असतं तर मला राग आला नसता.

ती तिसरी बॅच जानेवारीतली, आणि नाशिकची जानेवारी सांगायला नको. सकाळी नऊला गाळ्यात आमचे हात आखडलेले, आणि शाई ट्रेमध्ये ओतली तर दहाव्या मिनिटाला तिची जेली. जिलेटिनच ते, थंडीत बसणारच, साधारण २५ डिग्रीच्या खाली गेलं की धरायला लागतं. प्लेट खाली गेली, वर आली, पण खालून ताजी शाई वाहत आलीच नाही, खड्डा तसाच. सगळी शाई वाया, तीन आठवड्यांचं काम. पुढच्या वेळी काकांनी मशीनच्या झाकणात छोटा हीटर पंखा आणि थर्मोस्टॅट बसवला, ३० च्या आसपास धरून ठेवतो, त्यांच्या मुलाने जुन्या अंडी उबवायच्या मशीनमधून काढलेला. उत्तम चालतो.

चौथी बॅच छापली तर गेली पण भोकं सगळी बंद. पाण्यासारखी पारदर्शक शाई, त्यामुळे उजेड एका थरात थांबेना, आधीच्या थरांच्या भोकांत साठलेली शाई पण घट्ट करत गेला. यावर औषध आमच्याकडे मिठाईवाल्याकडे मिळेल, टार्ट्राझिन, खायचा पिवळा रंग. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या जॉर्डन मिलर यांच्या गटाने २०१९ मध्ये सायन्स मासिकात दाखवलं होतं, हाच रंग घालून त्यांनी जेलमध्ये फुप्फुसाच्या कोशासारखी रचना छापली, हवा भरली की फुगणारी आणि भोवती रक्त फिरणारी. पिवळा रंग निळा-जांभळा उजेड शोषतो, त्यामुळे उजेड आपल्या थरापुरता राहतो, आणि नंतर पाण्यात ठेवलं की रंग निघून जातो. मी लॅब ग्रेडचा घेतला, मिठाईचा नाही, त्यात मीठ आणि काय काय असतं.

पाचवी बॅच मार्चमध्ये. शाई लिंबू सरबतासारखी पिवळी, प्रत्येक थराला २५ सेकंद, प्लेटला आधी सायलेन (जेल काचेला धरून ठेवणारं रसायन) लावलेली काचेची पातळ कव्हरस्लिप चिकटवलेली, नाहीतर जेल धातूला धरत नाही आणि सगळं तळाच्या फिल्मला चिकटून बसतं. काकांनी प्लेट वर उचलायचा वेग इतका कमी केला की बघणाऱ्याला मशीन बंद आहे वाटावं, कारण फटकन उचललं की मऊ जेल फाटतं. ही युक्ती माझ्या डोक्यात आली नसती, त्यांना ती दागिन्यांच्या बारीक जाळ्यांवरून माहीत होती. तासाभराने प्लेट वर आली आणि तिच्यावर बारा पिवळ्या चकत्या, थेंब गळतोय, आणि टॉर्च मागून धरला तर भोकांतून उजेड आरपार. काका म्हणाले, "आली बघा." पीबीएसमध्ये टाकल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळेपणा गेलेला, पाण्यात शोधाव्या लागत होत्या. त्यांच्यावर पेशी सोडल्या, तिसऱ्या दिवशी कॅल्सिन नावाचा रंग लावून पाहिलं, जिवंत पेशी हिरव्या दिसतात, आणि त्या वळणांवरून हिरव्या रेघा चढलेल्या दिसल्या, अगदी एप्रिलच्या छाटणीनंतर काडी तार धरते तशा. फोटो पप्पांना दाखवला, ते म्हणाले, वेल वरपर्यंत पोचली का? वरपर्यंत पोचली नाहीये अजून, मधल्या भागात पेशी कमी आहेत, तिथे मीडिया फिरवत ठेवावा लागेल.

आता व्यवहाराचं. पैसे ते पीसवर घेत नाहीत, प्लेटवर घेतात, आणि हे बरोबर आहे, कारण पूर्ण थर एकदम उजळतो, एक चकती छापा नाहीतर वीस, वेळ तेवढाच. दुसरीकडे मला पीसवर रेट सांगितला होता, तिथे वीस चकत्यांना तिप्पट झाले असते. रेझिनच्या प्लेटचे मी ११०० दिले, जेलच्या वेळी नुसतं मशीनचं भाडं ६००. बिल मागितलं की मिळतं, कॉलेजला लागतं ते जीएसटीवालं पण, फक्त दोनदा आठवण करावी लागते.

तक्रारी आहेत. फोन दुपारी उचलतच नाहीत. लग्नसराईत सराफांची कामं आधी, आपलं मागे जातं, मला एकदा नऊ दिवस थांबावं लागलं आणि तिकडे पेशींचं वय वाढत होतं. लाइट गेली तर यूपीएस एकाच मशीनला आहे, आधीच सांगून तेच घ्या, कारण मध्येच थांबलेल्या प्रिंटला तिथे बारीक रेघ पडते आणि जेल असेल तर तिथूनच तुटतं. आणि दहा मायक्रॉनच्या खालचं काही हवं असेल तर इथे येऊ नका, ते फेम्टोसेकंद लेझरचं, दोन फोटॉनचं काम, त्याची मशीन वेगळीच असते. शाईतच जिवंत पेशी मिसळून छापायच्या असतील तरी नाही, हा वर्कशॉपचा गाळा आहे, खाली लोखंड कातलं जातं, निर्जंतुक हवा इथे मिळणार नाही. आधी छापायचं, मग लॅबमध्ये धुऊन, निर्जंतुक करून पेशी सोडायच्या, त्या कामाला मात्र मी डोळे झाकून पाठवेन.

जाताना न्यायचं ते: स्वतःचा ट्रे आणि त्याची फिल्म, नवीन आयपीए, झाकणाच्या दोन बरण्या, सिरिंज, फॉइल गुंडाळलेल्या ट्यूब, आणि जेल असेल तर पीबीएस भरलेल्या फाल्कन (झाकणाच्या मोठ्या ट्यूब), कारण गंगापूर रोडपर्यंत येईस्तोवर उन्हात जेल वाळून आक्रसतं. आधीच्या दिवशी संध्याकाळी सातनंतर फोन करा, तेव्हा उचलतात. गाळ्यात डाव्या हाताच्या फळीवर दोन काचेच्या बरण्या वेगळ्या ठेवल्यात, त्यावर काकांनी मार्करने लिहिलंय "पेशींचे काम – दुसरे काही बुडवू नये", त्या मागा. पाचपैकी साडेचार देते, अर्धा त्या नऊ दिवसांचा कापला. सहावी प्लेट पुढच्या मंगळवारी आहे, यावेळी भोकं ६०० ची करून बघतोय.